कच्चा मोतीबिंदू, भीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

लोक थंडीत महाबळेश्वरला जातात, मी शिरूरला गेले. स्ट्रॉबेरी खायला नव्हे, रक्त गोळा करायला. निघताना सासूबाई म्हणाल्या, "कुणी विचारलं तर जरा बरं काहीतरी सांग." पण या कामाला बरा शब्द मला अजून सापडलेला नाही. मी डोळ्यांची डॉक्टर. पुण्यात बरीच वर्षं मोतीबिंदू काढले आणि मग तो मुळात होतोच कशाने, या प्रश्नाच्या मागे लागून प्रयोगशाळेत जाऊन बसले. नवं शतक नुकतंच लागलं होतं. वर्तमानपत्रांत जीन्सशिवाय, म्हणजे जनुकांशिवाय, दुसरी बातमी नसायची. माझ्या वाट्याला एक जुनी जीप आली होती, बर्फाची एक पेटी आली होती आणि साहेबांची परवानगी आली होती. आणखी काय पाहिजे?

निमित्त झालं सोपानचं. शिरूर तालुक्यातला हा चाळिशीचा माणूस वडिलांचा चष्मा बदलायला त्यांना घेऊन आमच्याकडे आला होता. वडिलांचा, म्हणजे आबांचा, डावा डोळा गेलेला. उजव्यातला मोतीबिंदू जुन्या पद्धतीने काढलेला, त्यामुळे नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी जाड काच. मी सवयीने विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? सोपान म्हणाला, "आमच्यात समद्यांनाच हुतो की म्याडम. चाळिशी आली की मोतीबिंदू आलाच." आपण केस पिकण्याबद्दल बोलतो, त्या सुरात तो हे बोलला.

मी खुर्चीत सावरून बसले. म्हातारपणी मोतीबिंदू कुणालाही होतो. पण एकाच घरात, पिढीमागून पिढी, तो ऐन चाळिशीत येत असेल तर त्याचं मूळ रक्तात शोधायला हवं. मी तिथल्या तिथे त्याला सांगून टाकलं, "मी तुमच्या घरी येणार." आबा म्हणाले, "या की. घर काय पळून चाललंय?"

शिरूरची वाट

जीप मी स्वतःच चालवते. मला ते आवडतं आणि चांगलं जमतं. कोरेगाव भीमापर्यंत रस्त्याने माझं ऐकलं. शिक्रापूरला मात्र ट्रकांच्या रांगेत अशी अडकले की पेटीतल्या बर्फाचं पाणी झालं. उसाच्या रसवाल्याकडे बर्फ मागितला. तो पेटीत भरता भरता म्हणाला, "मासळी का?" मी म्हटलं, "रक्त." त्याने उरलेला बर्फ पेटीत ओतला आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला. सासूबाईंचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

रांजणगावात पाळी सुटत होती. कंपन्यांच्या बसेस एकामागोमाग बाहेर पडत होत्या आणि त्यांच्या मधून मोटारसायकली अशा निसटत होत्या की मी माझ्या ड्रायव्हिंगचं कौतुक थांबवलं. सोपान यातलीच एक बस चालवायचा. न्हावऱ्याच्या बाजूची गावं घेत पहाटे माणसं कंपनीत सोडायची, दुपारी परत न्यायची. शिरूरला मी लॉजवर सामान टाकते न टाकते तोच तो खाकी कपड्यांत हजर झाला. "चला, म्होरं मी घेतो गाडी," म्हणाला. मी म्हटलं, मी इथपर्यंत आणलीच की. तो संकोचला, पण हटला नाही. "तसं न्हाई म्याडम. बाईमाणूस गाडी चालवणार आन् मी डायवर असून शेजारी बसून ऱ्हाणार? वस्तीवरची काय म्हनतील?" पाहुण्याचा मान आणि यजमानाची अब्रू एकाच किल्लीवर आली होती. मी किल्ली दिली.

आबांची वस्ती

न्हावऱ्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की ज्वारीच्या शेतांमध्ये आबांची वस्ती लागते. चार घरं, एक विहीर, पाचपंचवीस मेंढरं. एके काळी मोठा कळप होता. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आत परत यायचं. आता पाटाचं पाणी आलंय, कांदा आलाय, कंपनी आलीय. "आता आमी बसून खातो," आबा म्हणाले, आणि ही प्रगती आहे की तक्रार, हे मला कळलं नाही.

मी मूळची महाडकडची हे कळल्यावर आबा एकदम खुलले. "महाड? महाडच्या शिवारात आमी मेंढरं बसवल्यात की." लहानपणी आमच्या भाताच्या खाचरांत थंडीत मेंढरं बसायची, खताच्या बदल्यात माझे वडील मेंढपाळांना भात मोजून द्यायचे. ते आबाच होते असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी ते ठरवूनच टाकलं. मग मला हुलग्याचं माडगं मिळालं, बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात तो तोंडाने. इथे सोपानची बायको मंगल काही न बोलता ताटात भाकरी टाकते आणि तुम्ही ती संपवेपर्यंत समोरून हलत नाही.

जेवण झाल्यावर मी माझं दुकान मांडलं. सुया बघून मंडळी जरा बिचकली. तेव्हा आबांचे धाकटे भाऊ नाना पुढे आले आणि बाही वर करत म्हणाले, "मेंढरांचं रगत काढाय डाक्टर येत्यात, माणसाचं पयल्यांदाच बघतोय. घ्या." नाना साठीच्या पुढचे. बॅटरीने त्यांचे डोळे तपासले तर भिंगं काचेसारखी स्वच्छ. फाटकं घोंगडं ते बिनचष्म्याचे शिवत बसले होते, सुईत दोरा स्वतः ओवून.

नानांना बघून मला किती आनंद झाला हे मी त्यांना सांगितलं नाही. कारण तोवर वस्तीवरचं प्रत्येकजण मला सांगत होतं की हा मोतीबिंदू उन्हाचा आहे, जन्मभर रानात फिरल्याचा आहे. पण नाना तर आबांच्या खांद्याला खांदा लावून त्याच उन्हात फिरले होते, त्याच चुलीच्या धुरात वाढले होते. आबांची आई चाळिशीत आंधळी झाली होती. तिच्या मुलांपैकी आबांना आणि त्यांच्या बहिणीला मोतीबिंदू झाला, नानांना नाही. आबांच्या मुलांपैकी थोरल्याला, सोपानच्या भावाला, झाला. नानांच्या मुलांत एकालाही नाही. बाई-पुरुष असा भेद नाही, आणि ज्याला झाला नाही त्याच्या पुढे तो जात नाही. हे सगळं कागदावर मांडलं तेव्हा मला शिट्टी वाजवावीशी वाटली.

"आन् रगतात काय घावंल?" आबांनी विचारलं. मी म्हटलं, आबा, कच्च्या अंड्यातला बलक सोडून बाकीचा भाग कसा असतो? आरपार दिसतं त्यातून. उकडला की पांढरा होतो, मग काही केलं तरी पुन्हा पाण्यासारखा होत नाही. डोळ्यातलं भिंग तशाच पदार्थाचं असतं. कातडी झडते, नवी येते. भिंगाच्या गाभ्याला ती सोय नाही. आईच्या पोटात तो जसा घडला, तोच मरेपर्यंत वापरायचा. ऊन, धूर, तंबाखू, साखर त्याला थोडंथोडं बिघडवत राहतात. आणि तो पदार्थ कसा घडवायचा याची कृती रक्तातून येते. त्या कृतीतलं एखादं अक्षर चुकलं तर जन्मतः सगळं ठीक दिसतं, पण पदार्थ मुळात कच्च्या बांध्याचा असतो. इतरांचं भिंग जे सत्तरीत सोसत नाही, ते याचं चाळिशीत सोसत नाही.

"म्हंजी माज्या आईची चूक," आबा म्हणाले.

"चूक अक्षराची, आबा. आईची नाही. तिने ते तुम्हाला दिलं ते नाकाचा आकार दिला तसंच, न विचारता."

माझा खरा स्वार्थही मी सांगून टाकला. साध्या म्हातारपणीच्या मोतीबिंदूतही अशीच बारीक बारीक अक्षरं चुकलेली असतात, असा आमचा अंदाज होता. एकेकटं अक्षर किरकोळ, ऊन-धुराला हाताशी धरून काम करणारं, म्हणून सापडायला कठीण. यांच्या घरातलं अक्षर मात्र ढळढळीत असणार. ते सापडलं तर बाकीची शोधायला वाट मिळेल. आबांनी मान हलवली आणि हात पुढे केला. सोपाननेही रक्त दिलं. डोळे तपासायची वेळ आली तेव्हा मात्र तो जीपमध्ये पाणी घालायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

भीमेच्या पलीकडे

आबांची मुलगी हौसाबाई दौंड तालुक्यात दिलेली, सख्ख्या आत्याच्या घरी. आत्याच्या मुलाशी लग्न ही इथे पहिली पसंती. आमच्या घरात मामाची मुलगी म्हणजे बहीण. हे मी बोलले तेव्हा मंगलने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू आमच्याकडे मीठ खात नाहीत. माझ्या कागदावर मात्र या सोयरिकीने चांगलाच गुंता केला. आत्याला मोतीबिंदू, तिच्या भावाला, म्हणजे आबांना, मोतीबिंदू, आणि दोन्ही घरांतलं रक्त हौसाबाईंच्या अंगणात एकत्र आलेलं. तिथे जाणं भागच होतं.

सोपानने सुट्टी काढली. भीमेचा पूल ओलांडला तसा सगळा मुलूख हिरवा झाला. ऊस, ऊस आणि ऊस. गुऱ्हाळांची धुराडी लांबून दिसत होती. एका गुऱ्हाळावर थांबून आम्ही गरम काकवी प्यालो. मी घाई केली आणि जीभ भाजून घेतली. गुळव्या म्हणाला, "बाई, गूळ आन् सासू, निवल्याबिगर जवळ जाऊ नये." ही म्हण आहे की त्याचा स्वतःचा अनुभव, हे विचारायला माझी जीभ जागेवर नव्हती.

हौसाबाई तिशी ओलांडलेल्या, हसऱ्या, कामाला वाघ. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत भिंगाचा गाभा पिवळट झालेला मी बॅटरीनेच पाहिला. सुईत दोरा कधीपासून ओवता येत नाही, असं विचारलं तर म्हणाल्या, "पोळ्यापास्नं." मग काढून का टाकत नाही? त्या अगदी सहज म्हणाल्या, "आबा सांगत्यात, अजून कच्चा हाय. ही थंडी जाऊ द्या, पिकला की पुढल्या दिवाळीनंतर काढू. कच्चा काढला की डोळा जातोय."

फळ झाडावर पिकू द्यावं तसा मोतीबिंदू पिकू द्यायचा, आणि कापायचा तो फक्त थंडीत. मी हे पुण्यातही ऐकत आले होते. हसून दोन वाक्यांत समजावलं आणि रक्त घेऊन निघाले. रक्त मिळालं होतं ना, मी खुशीत होते.

परतताना

परतीला दिवस कलला होता. पूल ओलांडून आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा सूर्य एका वळणावर थेट समोर आला. मी हाताने डोळ्यांवर सावली धरली. पुढे उसाची बैलगाडी चालली होती, आणि उसाच्या मोळ्यांवर तोडणीवाली बाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती. मला ती स्पष्ट दिसत होती. सोपान वेग कमी करील म्हणून मी वाट पाहिली. त्याने केला नाही.

मी ओरडले आणि स्टीअरिंग ओढलं. जीप रस्ता सोडून कांद्याच्या वाफ्यात उतरली आणि बंद पडली. बैल बुजले, गाडी थोडी तिरकी झाली आणि सावरली. वरून ती बाई आमच्याकडे बघत राहिली. पोर झोपलेलंच होतं.

सोपानचे हात स्टीअरिंगवरून निघेनात. "गाडी दिसली न्हाई," तो म्हणाला. "उन्हात समदं पांढरं व्हतंय."

"कधीपासून?"

"दसऱ्यापास्नं."

"आणि बस?"

"पहाटं समोरून लायटी आल्या की समदं पसरतंय. मग मी बाजूला घेऊन थांबतो. गाडी गेली की निघतो." वर म्हणाला, "पोरं म्हनत्यात, सोपानदादा लई जपून चालवतो. सगळ्यात भारी डायवर म्हनत्यात."

मला राग आला, फार आला. मी त्याला बोलू नये ते बोलले. सगळ्या गावची माणसं तुझ्या मागे झोपलेली असतात, असंही बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "आबा म्हनत्यात अजून कच्चा हाय. आन् आता तुमी रगत न्हेलंच हाय, तर तो रिपोर्ट येऊ द्या. मग बघू."

हे माझ्या वर्मी लागलं. यांच्या घरात वाट बघायला पिकण्याचं निमित्त होतं, दिवाळीचं होतं, आणि त्यात मी आणखी एकाची भर घातली होती. मी म्हटलं, "सोपान, रक्ताला वेळ लागेल, कदाचित वर्षं लागतील. तुझा मोतीबिंदू का झाला ते रक्त सांगेल. तो काढायचा आज की उद्या, हे सांगायला रक्त लागत नाही. मी सांगते. आत्ता काढायचा."

तो खाली उतरला, पलीकडून आला आणि किल्ली माझ्या हातात दिली. वस्तीपर्यंत शेजारी बसून राहिला. अंगणात माणसं होती, त्यांनी पाहिलं. त्याने मान वर केली नाही.

आबांसमोर

संध्याकाळच्या जेवणाला सोपानने स्वतःच वडिलांना सगळं सांगितलं. बैलगाडी, ती बाई, दसऱ्यापासूनची बस. आबांचा घास ताटात राहिला. पण ते डगमगले नाहीत. म्हणाले, "पुढल्या दिवाळीपातुर बस सोड. पर कच्चा काढू नगंस."

मी विचारलं, हे तुम्हाला सांगितलं कुणी?

"डाक्टरनंच. डाव्या डोळ्याला गेलो तवा म्हनला, कच्चा हाय, पिकल्यावर या. मी थांबलो. पिकला तवा चैत लागला. उन्हाळ्यात डोळा कापत न्हाईत. म्हनलं, दिवाळी करू. तर मिरगाच्या आधीच एक दिस डोळा लाल झाला, डोसकं फुटाय लागलं, वकाऱ्या सुटल्या. दवाखान्यात न्हेला तवर गेलाच. देवानं न्हेला. दुसरा मातुर नेमानं पिकू दिला, थंडीत काढला. तो ऱ्हायला. म्हनून समद्यांना सांगतो."

आता मला सगळं कळलं. आबांच्या हिशेबात नियम मोडला नव्हता. एक डोळा देवाने नेला होता आणि दुसरा नियमाने वाचवला होता. त्या नियमावर भीमेच्या दोन्ही तीरांवरचं सगळं गणगोत डोळे मिटून चाललं होतं.

मी सांगितलं. जुन्या काळी डॉक्टर सगळं भिंग त्याच्याभोवतीच्या पातळ पिशवीसकट ओढून काढायचे. तेव्हा पिकलेलं सुटायला सोपं, म्हणून थांबायला सांगत. त्या डॉक्टरांनी त्यांच्या काळाचं बरोबर सांगितलं. आता पिशवी जागेवर ठेवतात, आतला गाळ काढतात आणि नवं भिंग बसवतात. आता जितकं थांबाल तितकं ते टणक आणि काढायला अवघड. ऋतूचा संबंध नाही. आणि पिकल्यावर पडून राहिला तर भिंग फुगतं, डोळ्यात दाब चढतो, आणि डोळा जातो.

आबांनी विचारलं, "म्हंजी चैतात आलो असतो, तर डावा ऱ्हायला असता?"

सोपानने माझ्याकडे पाहिलं. मंगलनेही पाहिलं. नाही म्हणणं सोपं होतं. देवानेच नेला म्हटलं असतं तर म्हातारा माणूस सुखाने झोपला असता. पण मग हौसाबाई दिवाळीची वाट बघत बसल्या असत्या.

"हो आबा," मी म्हटलं. "बहुतेक राहिला असता."

त्यांनी ताटातच हात धुतला आणि उठून बाहेर गेले. मला फार वाईट वाटलं. तरी मी ते पुन्हा तसंच सांगेन.

पुन्हा पलीकडे

सकाळी मी वस्तीवर आले तेव्हा धुकं होतं. सोपान चालत फाट्यावर जाऊन आला होता. बसच्या मुकादमाला त्याने खरं काय ते सांगितलं होतं, दुसरा ड्रायव्हर बस घेऊन गेला होता, आणि सोपान माझ्याबरोबर पुण्याला यायला तयार होता. मी त्याला म्हटलं, डोळा झाला की तपासू आणि मगच पुन्हा बसशील, आणि बसशील याची मला खात्री आहे. मला खरोखरच होती.

आबा पटका बांधून, खांद्यावर घोंगडं टाकून ओट्यावर बसले होते. मला वाटलं लेकाबरोबर पुण्याला निघालेत. ते म्हणाले, "आदी पल्याड चला. हौसाकडं."

या वेळी जीप मी चालवली आणि दोन्ही पुरुष मुकाट बसले. कुणी कुणाची अब्रू काढली नाही.

हौसाबाई गोठ्यात होत्या. बापाला असं अवचित आलेलं पाहून त्या घाबरल्या, मंगलचं काही झालं का म्हणून विचारू लागल्या. आबांनी त्यांना समोर बसवलं. मग चष्मा काढला. दवाखान्यात मी फक्त डोळे तपासले होते, जाड काचेमागचा चेहरा नीट कधी पाहिलाच नव्हता. डावा डोळा दुधाळ आणि आत बसलेला.

"ह्यो बघ," ते म्हणाले.

"बघितलाय की आबा. काय झालं?"

"बघितलास. पर ह्यो कसा गेला ते मी खोटं सांगितलं तुमास्नी. मला ठावं नव्हतं, पर खोटंच ते. देवानं न्हाई न्हेला. मी वाट बघत बसलो, म्हनून गेला." त्यांचा आवाज स्थिर होता. "सोपान आज चाललाय. तुबी चल."

हौसाबाई एकदा सोपानकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे. "आवं पर ऊस तोडाय आलाय. टोळी दारात हाय. दिवाळीनंतर..."

"दिवाळीचं नाव काढू नगंस," आबा म्हणाले.

हौसाबाई उठल्या आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं, आता चहा होणार, मग भाकरी होणार, मग टोळीचं जेवण, आणि दिवस तिथेच जाणार. मी आबांकडे पाहिलं. ते दाराकडे बघत होते, चष्मा अजून हातातच होता.

त्या बाहेर आल्या तेव्हा हातात पिशवी होती आणि पायात चपला.